दोरीवरची तिसरी गाठ

उत्रोलीचे एक गृहस्थ परवा माझ्या दारात आले. त्यांची बायको पुण्याच्या दवाखान्यात आहे. कमरेखालचं अंग गेलं, पंधरा दिवसांत घरी आणायची, तर घरात काय काय करून ठेवावं, असं विचारत होते. भोरातल्या त्या एका पायाच्या कारकुनाला या गोष्टी ठाऊक आहेत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ठाऊक आहेत हे खरं. पण त्या कशा ठाऊक झाल्या हे तोंडाने सांगायची मला लाज वाटली, म्हणून म्हटलं, चार दिवसांनी या, लिहून ठेवतो.

औषधपाण्याचं यात काही नाही. ते डॉक्टर सांगतील. दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडल्यावर माणसाने जायचं कुठे, एवढंच यात आहे. आणि माझ्या मत्सराची हकीकत आहे, कारण ती वगळली तर बाकीचं काही उरत नाही.

*

कचेरीला जाताना वहाणेचा खिळा टाचेत घुसला. मी तो उपटला, जखमेवर थुंकी लावली आणि कामाला गेलो. माझ्या आजाराची सुरुवात ही एवढीच. पुढे टाच सुजली, लेप झाले, भोरातल्या डॉक्टरांनी दोनदा चिरा दिला, आणि दिवाळी झाल्यावर मला मोटारीत आडवं घालून पुण्याला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला, नाक जवळ नेलं आणि शांतपणे सांगितलं की विष हाडात गेलं आहे, पाय गुडघ्याच्या वर कापावा लागेल, आणि तोही उद्या सकाळी.

अशा वेळी माणूस काय विचारतो? मी विचारलं, रजेचा अर्ज आज लिहिला तर टपाल उद्या भोरला पोचेल का? बारा वर्षं संस्थानच्या कचेरीत नकला उतरवून माझ्या डोक्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. माझी बायको रमा शेजारी उभी होती. तिला आधी हसू आलं, मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

पाय गेल्यावर पहिले काही दिवस मला नसलेल्या तळव्याला खाज यायची. मी हात खाली न्यायचो आणि चादर चोळायचो. हे मी कुणाला सांगितलं नाही, वेडात काढतील म्हणून. पुढे कळलं की सगळ्यांनाच येते. उत्रोलीकरांनी आपल्या बायकोला हे जरूर सांगावं, असलं काही वाटलं तर घाबरू नका म्हणून. मला कुणी सांगितलं असतं तर माझे आठ दिवस बरे गेले असते.

रमा भोरला एकटी राहू शकत नव्हती. ती वाईला माहेरी गेली. महिन्यातून एकदा मोटारीने यायची, दोन तास बसायची, माझे कपडे न्यायची. बाकी वेळ मी, एक खिडकी आणि फिनेलचा वास.

*

पौषात माझ्या शेजारच्या खाटेवर गेणू आला. गुंजवण्याचा, तिशीतला शेतकरी. भाताच्या रोपांची जमीन भाजायच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडताना झाडावरून पाठीवर पडला होता. पाय जागच्या जागी होते, पण त्यांत जीव नव्हता. मला म्हणाला, "पाय हायत, भाऊसाहेब, पर माझे न्हाईत." त्या दिवशी मला त्याच्याबद्दल बरं वाटलं. खरं लिहायचं तर, माझ्यापेक्षा वाईट गत झालेला माणूस शेजारी आला याचं बरं वाटलं.

ते बरं वाटणं रविवारपर्यंत टिकलं. रविवारी गेणूचं गाव आलं. आई, बायको सरसू, धाकटा भाऊ मारुती आणि आणखी चार जण. नाचणीच्या भाकरी, लसणीची चटणी, कडधान्याचं कालवण. खाटेभोवती बसून ते कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या बांधावरून भांडण झालं, असल्या गोष्टी सांगत राहिले. त्याच्या पायांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. निघताना एक जण सहज म्हणाला, यंदाची लावणी आमी करतो, तू हितनं बघ. आणि सगळे हसले. इथनं काय बघणार!

पुढच्या रविवारी पुन्हा आले. त्याच्या पुढच्या रविवारीही आले. मला भाकरी दिली, मी ती खाल्ली आणि प्रत्येक घासाला माझं पोट दुखलं. माझ्या थोरल्या भावाचं, दादांचं, भोरात स्वतःचं घर. रोज भोरहून पुण्याला मोटार येते. चार महिन्यांत ते एकदाही आले नाहीत. गेणूच्या माणसांना नसरापूरपर्यंत बैलगाडी हाकावी लागे, मग मोटार. मी हे अंतर मनात पुन्हा पुन्हा मोजायचो. मोजून काही फरक पडत नव्हता.

लिहिता वाचता येणारा म्हणून वॉर्डात मला मान होता. गेणूची पत्रं मीच लिहायचो. त्याच्याकडे लिहायला माणसं होती, माझ्याकडे अक्षर होतं.

*

आमच्या वॉर्डातल्या नर्सबाई नगरकडच्या होत्या, उंच आणि कमी बोलणाऱ्या. माणूस घरी सोडण्याआधी त्या त्याच्या हातात पाटी देत आणि घर काढायला सांगत. दार कुठे, उंबरा किती उंच, न्हाणी कुठे, परसाकडे जायला वाट कशी, पाणी कोण देणार. मग घरच्या दोघांनी येऊन हे सगळं तोंडाने कबूल करायचं. तोवर त्या सोडत नसत. डॉक्टरांनी सोडा म्हटलं तरी काही ना काही निमित्त काढून दोन दिवस ठेवत. असली बाई प्रत्येक दवाखान्यात असेलच असं नाही. नसली तर ती पाटी आपणच काढावी.

मी पाटीवर आमचा जिना काढला. आम्ही माडीवर भाड्याने राहत होतो. चौदा पायऱ्या, सरळ उभ्या, वर जाताना धरायला एक दोर. नर्सबाईंनी पायऱ्या मोजल्या. म्हणाल्या, "आणि खाली?"

खाली मालकाचं दुकान. त्यांनी पाटी पुसली आणि सांगितलं, भावाला पत्र लिहा.

गेणूला पाटी दिली तर तो हसला. त्याने मारुतीकडून सुतळी मागवली. त्यांच्याकडे घराचं काम काढलं की माप असंच घेतात. दोरीला गाठी मारायच्या आणि दोरी सुताराकडे न्यायची. दवाखान्याच्या सुताराने त्याला बसून सरकायला चाकांचा पाट करून दिला होता. त्या पाटाची रुंदी, ती पहिली गाठ. एवढं दार मोकळं हवं आणि मध्ये उंबरा नको. तो स्वतःला हातांवर जेवढा उचलू शकत होता तेवढी दुसरी गाठ. खाट याहून उंच नको. मग पाटावर बसून त्याने हात वर केला, पुरता ताणला, आणि नर्सबाईंनी जमिनीपासून मुठीपर्यंत दोरी धरली. ती तिसरी. तुळईला दोर बांधून एवढ्या उंचीवर त्याचं टोक सोडायचं, म्हणजे तो धरून त्याला कुणाच्या मदतीशिवाय खाटेवर चढता येईल. तिन्ही गाठी त्याने स्वतः मारल्या.

"सरसूला रोज उचलाया लावनार न्हाई म्या," एवढंच तो म्हणाला.

पुढच्या रविवारी बातमी आली की उंबरा निघाला. त्याच्या आईने आधी नाही म्हटलं होतं. घराचा उंबरा काढतात का कधी? मग तिनेच तोड काढली. उंबरा तुळशीपाशी नेऊन बसवला, आणि आता सकाळी हळदकुंकू तिथेच वाहते. गेणूसाठी त्यांनी घराचा उंबरा हलवला. माझ्यासाठी दादांनी घरातला पाटसुद्धा हलवला नसता.

*

दादांचं उत्तर बुधवारी आलं. अक्षर आमच्या घराण्याचं, सुरेख. घरात मुलींची लग्नं आहेत, ओसरीवर येणंजाणं असतं, तुझी सोय आमच्याने होणार नाही. पुण्यात अपंगांसाठी एखादं अन्नछत्र किंवा आश्रम असल्यास चौकशी करावी. रमा माहेरी सुखरूप आहे, तिथेच राहावी. मी ते पत्र तीन वेळा वाचलं. शुद्धलेखनाची एक चूक सापडली, तिचाच मला आनंद झाला.

त्याच दिवशी मारुती येणार होता. खाटेचं आणि तुळईच्या दोराचं काम राहिलं होतं, त्यासाठी दोरी न्यायला. गेणूने जेवणाआधी ती माझ्याकडे दिली होती. कोणती गाठ कशाची हे चिठ्ठीत लिहून द्या म्हणाला, आणि झोपला. जेवणानंतर वॉर्डात सगळेच झोपत.

मी चिठ्ठी लिहिली, अगदी बरोबर लिहिली. मग दोरी मांडीवर घेतली आणि तिसरी गाठ दातांनी सोडवली. फार घट्ट होती. हिरडीतून रक्त आलं. ती मी चार बोटं वर बांधली.

का केलं याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. तो मरावा असं मला वाटत नव्हतं. त्याच्या घरात एक तरी गोष्ट त्याच्या हाताला येऊ नये, एवढंच वाटत होतं. माझ्या हाताला काहीच येत नव्हतं. मारुती आला, त्याने दोरी आणि चिठ्ठी मुंडाशात खोवली आणि मला रामराम केला.

*

फाल्गुनात सरसू आणि मारुती नर्सबाईंपुढे उभे राहिले. घर तयार, पाणी सरसू देईल, मारुती परसाकडे नेईल, शेजारची माणसं हाकेला आहेत. सरसूने भाकरीचं पुडकं त्याच दोरीने बांधून आणलं होतं. गेणूने पुडकं सोडलं, दोरी बोटांतून ओढली, एका गाठीवर अंगठा फिरवला आणि ती उशाखाली ठेवली. मी खिडकीबाहेर बघत होतो. त्याला काही कळलं नाही असं मी ठरवून टाकलं.

नर्सबाई मग माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, आणखी दहा दिवस, त्यापुढे मला तुम्हाला ठेवता येणार नाही, खाटेसाठी माणसं व्हरांड्यात पडली आहेत. दादांच्या पत्राची गोष्ट त्यांना ठाऊक होती, गेणूलाही होती. वॉर्डात काय लपतं?

गेणू भाकरी मोडत म्हणाला, "भाऊसाहेब, आमच्या हितं या. पडवी मोकळी हाय. वयनींनाबी घेऊन या. भोरात जागा गावंस्तवर ऱ्हावा."

मी नको म्हणालो. सरसू म्हणाली, नको तर नको, पण मग कुठं जाणार? तिने ते टोमण्याने विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी वाईला पत्र लिहून रमाला बोलावून घेतलं, आणि आम्ही गुंजवण्याला गेलो.

*

मार्गासनी गावाच्या पुढे रस्ता असा होता की कुबड्या गाडीबाहेर उडून पडायच्या. घरापाशी मारुतीने आधी भावाला उतरवलं, मग मला पाठीवर घेतलं. दारात उंबऱ्याची जागा शेणाने सारवून सपाट केली होती. गेणू पाटावर बसून सरळ आत सरकला, अडथळा नाही. आई बघत राहिली. तो थेट खाटेपाशी गेला, दोराकडे पाहिलं आणि हात वर केला.

बोटांची टोकं दोराला लागली. मुठीत काही आलं नाही.

त्याने दुसऱ्यांदा हात केला. मग मारुती धावला. म्हणाला, असं कसं झालं, माप तर गाठीवरच घेतलं व्हतं, माझंच कायतरी चुकलं. त्याचा चेहरा पडला होता. आई त्याला बोलली, एवढं एक काम धड करता येईना म्हणून. मी कुबड्यांवर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर ते तिथेच संपलं असतं. मी उघडलं नाही. जास्तीचा दोर ठेवला नव्हता, आणि बाजाराला अजून चार दिवस होते. सरसूने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, पिळली आणि दोराला खाली जोडली. "झालं की," ती म्हणाली. नवा दोर मग कुणी आणलाच नाही.

ती हिरवी पट्टी मी पुढे अडीच महिने रोज पाहिली. पडवीतून सरळ समोर दिसायची. गेणू तिला धरून दिवसातून चार-पाच वेळा खाटेवर चढायचा, आणि प्रत्येक वेळी मी दुसरीकडे बघायचो.

तरी हेवा गेला नाही. उलट पिकला. रमा पहिले आठ दिवस पडवीत वेगळी चूल मांडून शिजवत होती, आमच्यातली रीत म्हणून. नवव्या दिवशी सरसूच्या चुलीपाशी जाऊन बसली आणि तिकडेच जेवली. मी रागावलो, तर म्हणाली, "इथे मला कुणी विचारत नाही, किती दिवस राहणार म्हणून. माहेरी रोज विचारायचे." तिला मी इतकी हसताना भोरात कधी पाहिली नव्हती. हाही माझ्या खात्यातला हेवाच. बायको माझी, हसवायचे दुसरे.

गेणू पाटावर बसून खळ्यात दोर वळायचा. गावातली माणसं त्याच्याकडून दोर वळून घ्यायला लागली. संध्याकाळी लोक त्याच्याभोवती बसायचे, मला कधीमधी एखादा कागद वाचायला द्यायचे. मी बरा असतो तरी माझ्याभोवती कुणी असं बसलं नसतं, हे मला तिथे कळलं, आणि ते पाय गेल्यापेक्षा जास्त लागलं.

*

भोरातली जागा रमाने शोधली. मोटारीने जाऊन दोन दिवस आळीआळीने हिंडली, आणि प्रत्येक घराच्या पायऱ्या मोजल्या. शेवटी तेलाच्या घाण्यामागची एक खोली मिळाली. पायरी नाही, न्हाणी खोलीतच, कचेरी शंभर पावलांवर. पेंडीचा वास अंगाला लागतो, पण तो वासच आमचं भाडं कमी करत होता. कचेरीने माझी जागा ठेवली होती. आम्ही ज्येष्ठाच्या आधी निघायचं ठरलं.

निघायच्या दिवशी सकाळी गेणूने मला नवीन सुतळी दिली. न्हाणीत धरायला काही हवं तर माप नेऊन द्या सुताराला, म्हणाला. मी एका पायावर उभा राहिलो, भिंतीला पाठ लावली, हात जिथे सहज टेकला तिथे दोरी धरली आणि गाठ मारली. त्याने हात पुढे केला. मी खाली बसून दोरी त्याला दिली. त्याने गाठीवरून अंगठा फिरवला. मग खाटेखालून ती जुनी दोरी काढली आणि दोन्ही माझ्या मांडीवर ठेवल्या.

पहिल्या दोन गाठी त्याच्या होत्या, एका वेढ्याच्या. तिसरीला दोन वेढे. मी आत्ता मारलेल्या गाठीलाही दोन वेढे. कचेरीत कागदांच्या दप्तराचा रुमाल बांधताना आम्ही दोन वेढे देतो, म्हणजे तो सैल पडत नाही. बारा वर्षं तेच केलं. लबाडी करतानाही माझा हात कचेरीतच बसला होता.

"दोन वेढं आमच्यात कुणी देत न्हाई," गेणू म्हणाला.

मी विचारलं, कधी कळलं?

"दवाखान्यातच. सरसूनं पुडकं दिलं तवा."

म्हणजे त्यानंतर, त्याच भाकरीवर, त्याने मला घरी बोलावलं होतं. मी विचारलं, मग का बोलावलंस? त्याला प्रश्नच कळल्यासारखा दिसला नाही.

"तुमच्या घरला जिना व्हता न्हवं," तो म्हणाला. आणि पुढे, "मारुतीला अजून वाटतंय, चूक त्याची. तेवढं त्याला सांगून जावा."

गाडी मारुतीच हाकत होता. मार्गासनीपर्यंत मी सांगायचं ठरवत होतो. पुढे ओढ्यापाशी ठरवलं. नसरापूरला मोटार उभी दिसली तेव्हा सांगितलं. रमा मागे बसली होती, तिनेही ते तेव्हाच ऐकलं. मारुतीने बैल थांबवले.

"म्या चार येळा मोजली व्हती," तो म्हणाला. "चार येळा."

मग त्याने मला पाठीवर घेतलं, मोटारीत नीट बसवलं, कुबड्या हातात दिल्या आणि पुन्हा माझ्याकडे न बघता गाडी वळवली. रमा भोरला पोचल्यावर बोलली, पण ते तिचं आणि माझं.

*

गेणू आहे. त्याने वळलेले दोर भोरच्या बाजाराला येतात. मला अजून त्याचा हेवा वाटतो. घराचा नाही, माणसांचाही नाही आता. ज्याने आपल्याशी असं केलं त्याला जिना आहे हे ज्याच्या ध्यानात राहतं, त्या माणसाचा वाटतो. हा हेवा जाईलसं दिसत नाही.

उत्रोलीकर, आता तुमचं. घरात काय करायचं ते दवाखान्यातल्या माणसांना विचारू नका, मलाही विचारू नका, बायकोला विचारा. सुतळीचा तुकडा घेऊन जा. दार किती हवं, चुलीपाशी बसायला उंची किती हवी, हात कुठवर पोचतो, ते त्यांचं त्यांना दाखवू द्या आणि गाठी त्यांच्याच हाताने मारू द्या. उंबरा काढावा लागला तर काढा, तो तुळशीपाशी छान बसतो. सुताराला चिठ्ठी हवी असेल तर माझ्याकडे या, बसल्या जागी लिहून देईन, पैसे घेणार नाही. फक्त दोरी माझ्या हातात देऊ नका.